मांजरांनी अडवलेली वाट

रविवारी संध्याकाळी खडकवासला चौपाटीवर गाड्या दाटल्या की सिंहगडाहून परतणारेही अडकतात. डिसेंबर 2017 मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनचं, म्हणजे व्यवहारांच्या सामायिक नोंदसाखळीचं, तसंच झालं. ‘क्रिप्टोकिटीज’ या खेळात लोक डिजिटल मांजरं विकत घेऊ लागले. प्रत्येक खरेदी, प्रत्येक पिल्लू म्हणजे साखळीवर नवी नोंद. आणि तेव्हा क्षमता सेकंदाला सुमारे 15 नोंदींची. जास्त शुल्क देणारा पुढे जातो, म्हणून साधे पैसे पाठवणाराही भरडला गेला. या कोंडीवर मुंबईत सुरू झालेल्या मॅटिक या प्रकल्पाने, आजच्या पॉलिगॉनने, वेगळा मार्ग धरला: व्यवहार बाजूच्या साखळीवर उरकायचे, मुख्य साखळीवर फक्त गोषवारा. मला तो पटतो; एकाच्या हौसेचा भुर्दंड दुसऱ्याला का? आणि हा मार्ग खेळापुरता राहिला नाही: गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचं काम हाती घेतलं गेलं.