ऐकायचा तक्ता

पावसाळ्यात भुशीचे धरण भरले की सांडव्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागते. पाऊस मोजण्याचा उपक्रम घ्यायला मावळातल्या शाळांना याहून चांगले निमित्त कोणते? पण येथे पावसाचा आकडा केवळ अभ्यासापुरता नाही. ३० जून २०२४ रोजी धरणाजवळच्या धबधब्यात अचानक पाणी वाढले आणि एकाच कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू झाला. कोणत्या दिवशी, कुठे, किती पाऊस पडला हे सर्वांनाच कळायला हवे, दृष्टिहीन मुलांनाही.

समजा, भुशी, लोणावळा आणि मळवली येथील मुलांनी महिनाभर रोज सकाळी पर्जन्यमापक पाहिला आणि आकडे संगणकावरील तक्त्यात भरले. तीन रकाने गावांचे, तीस ओळी तारखांच्या.

आता एक प्रयोग करा. वर्गाला डोळे मिटायला सांगून तक्ता डावीकडून उजवीकडे नुसता वाचत जा. दहा-बारा ओळींनंतर मध्येच थांबून विचारा, "शेवटचा आकडा कोणत्या गावचा?" बरीच मुले गोंधळतील. डोळा क्षणात रकान्याच्या शीर्षकाकडे जाऊन परत येतो; कानाला ते जमत नाही.

दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर वापरतात. ही आज्ञावली पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते. 'एनव्हीडीए' या मोफत मिळणाऱ्या स्क्रीन रीडरमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट दाबून बाणांच्या कळांनी तक्त्याच्या घराघरांतून फिरता येते. उजवीकडे सरकले की "लोणावळा" हे शीर्षक आणि आकडा ऐकू येतो. खाली सरकले की तारीख आणि आकडा. मात्र कोणते घर शीर्षकाचे, हे तक्ता करणाऱ्याने सांगितलेले हवे. अक्षरे नुसती ठळक केली तर डोळ्याला ते शीर्षक वाटते, संगणकाला नाही. वेबपानात साध्या घराला 'टीडी' आणि शीर्षकाच्या घराला 'टीएच' अशी खूण असते. तक्त्याचे छायाचित्र लावले तर घरेच उरत नाहीत.

आकडे तक्त्यातच भरायचे असतील तर आणखी काळजी हवी. टॅबच्या कळेने आत शिरावे, बाणांनी फिरावे आणि पुन्हा टॅबने बाहेर पडावे. प्रत्येक घराशी टॅब थांबू लागला तर आपल्या तक्त्यातून बाहेर पडायला नव्वद वेळा कळ दाबावी लागेल! अशा तक्त्यांसाठी 'एरिया' नावाच्या खुणा आहेत. २०१४ साली त्यांना वेबचे प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. त्यांतील 'ग्रिड' ही खूण लावली की स्क्रीन रीडर बाणांच्या कळा पानाच्या हवाली करतो. पानाने त्या कळांची सोय केली नसेल तर वाचणारा एकाच घरात अडकतो. म्हणून केवळ वाचायच्या तक्त्याला ही खूण लावूच नये, असे आम्ही सुचवू.

तक्ता तयार झाला की पडदा झाकून, माऊस बाजूला ठेवून शोधा : २१ तारखेला भुशीत किती पाऊस पडला? उत्तर कानांनी सापडले, तर तक्ता सर्वांचा झाला.