कळा सुरू झाल्या की लगेच आडवं का व्हायचं?

कळा येणाऱ्या बाईला तिच्या मनावर सोडलं, तर ती उताणी पडून राहत नाही. येरझाऱ्या घालते, खिडकीचा गज धरून पुढे वाकते, उकिडवी बसते. लेबर रूममध्ये मात्र पहिलीच सूचना असते, ‘टेबलावर झोपा.’ तपासायला ते सोयीचं, एवढंच. फ्रान्सच्या फ्रांस्वा मोरिसोने 1668 च्या ग्रंथात बाळंतपणासाठी खुर्चीऐवजी पलंग सुचवला आणि पुढे तीच रीत पडली.

उताणं झोपल्यावर जड गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, रक्तदाब उतरू शकतो आणि बाळाकडे जाणारा पुरवठाही रोडावतो. शिवाय बाळ बाहेर येताना माकडहाड मागे सरकतं. त्यावर अंगाचा भार असला तर ते सरकणार कुठे?

वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात पाच हजारांवर बायकांवरच्या 25 चाचण्या तपासल्या होत्या. चालत्या-बसत्या बायकांचा पहिला टप्पा, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा काळ, झोपून राहिलेल्यांपेक्षा सरासरी 1 तास 22 मिनिटं लवकर आटोपला. प्रत्येक कळ मोजणारीला हा वेळ थोडा वाटणार नाही. सिझेरियनही कमी झाली.

म्हणून सगळ्यांना उभं करावं का? तसं नाही. बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात ताठ बसल्याने चिमटे कमी लागतात आणि वाट रुंदावण्यासाठी छेदही कमी द्यावे लागतात, पण रक्तस्राव थोडा वाढू शकतो. ब्रिटनमध्ये एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून दिलेलं औषध) घेतलेल्या 3,093 पहिलटकरणींची चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तर पारडं उलटं झुकलं. ताठ राहिलेल्यांपैकी 35.2 टक्के, तर कुशीवर झोपलेल्यांपैकी 41.1 टक्के जणींची प्रसूती चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझेरियनशिवाय झाली. ताठ राहिलं की बाळ आपोआप खाली सरकतं, असे गुरुत्वाकर्षणाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही चाचणी जरूर वाचावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी म्हणूनच एकच आसन लादत नाहीत. धोका नसेल तर बाईला हिंडूफिरू द्यावं, खाऊपिऊ द्यावं, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, असं त्या सांगतात. बाळाचे ठोके सतत यंत्राला बांधून ऐकण्याचीही अशा वेळी गरज नसते. पहिल्या टप्प्यात दर 15 ते 30 मिनिटांनी, नंतर दर पाच मिनिटांनी हातातल्या डॉप्लरवर ऐकले की पुरतं. नाव नोंदवतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावं, ‘तुमच्याकडे कळा येताना फिरू देता का?’