उवा, लिखा आणि जट : सीमाभागातील शब्दव्यवहार

डोक्यातल्या उवा मराठीत ‘बघतात’. बेळगाव-निपाणीकडच्या कन्नड घरांतही ‘हेनु नोडु’ असेच म्हणतात, आणि ‘नोडु’ म्हणजे पाहणे. क्रियापदाचा अर्थ एक. नामे मात्र दोन भाषाकुळांतून आलेली आहेत. संस्कृत ‘यूका’पासून मराठीत ‘ऊ’ आली, ‘लिक्षा’पासून ‘लीख’. कन्नड ‘हेनु’ हे जुन्या ‘पेन्’चे रूप आहे. कन्नडात शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. दुधाला असलेल्या ‘पालु’ या शब्दाचा ‘हालु’ झाला तसाच. लिखेला कन्नडात ‘सीरु’ म्हणतात.

लीख आणि ऊ ही प्राचीन काळी मापेही होती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त ८ लिक्षांची १ यूका, ८ यूकांचा १ यव आणि ८ यवांचे १ अंगुल होते. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या वस्तूंची ही उतरंड आहे, आणि उवा बघण्यातली अडचणही तीच. लीख कोंड्यासारखी दिसते. पण कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते आणि नखांनी ओढून काढावी लागते. म्हणून मुलीला उजेडात बसवावे, केस ओले करून थोडे थोडे वेगळे करावेत. कानांमागे आणि मानेवर आधी पाहावे. बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवून दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. लीख ७ ते १० दिवसांत फुटते, त्यामुळे एकदा विंचरून भागत नाही. दर ३-४ दिवसांनी, असे २-३ आठवडे बघावे लागते. ऊ उडत नाही की उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती चढते, आणि स्वच्छ केसांतही होते. तेव्हा उवा झालेल्या मुलीला वर्गात ‘घाणेरडी’ म्हणण्याला आधार नाही.

या भागात केसांकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत मोठी असू शकते. उवांमुळे सतत खाजवले गेलेले, न धुतलेले, न विंचरलेले केस एकमेकांत अडकून त्यांचा लगदा होतो. यल्लम्माचे सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यातच आहे, आणि असा लगदा म्हणजे तिचे बोलावणे, ही समजूत येथे जुनी आहे. कोपाच्या भीतीने मग फणी लावणेच थांबते. केवळ एवढ्यावरून मुली देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी-समर्पणबंदीचा कायदा केला. पण जटेची भीती कायद्याने जात नाही.

या भीतीत भाषेचाही वाटा आहे. ऊ ‘होते’, गुंता ‘होतो’, पण जट ‘येते’. जसे अंगात ‘येते’, पूर्वी देवी ‘यायच्या’. जे आपोआप झाले ते निस्तरता येते. जे आले त्याला पाठवणारा कोणी असतो, असे वाटते. गंमत अशी की ‘जट’ ज्या संस्कृत ‘जटा’पासून आली, तिच्यापासूनच कन्नडात ‘जडे’ झाले, आणि ‘जडे’ म्हणजे वेणी. शाळेत जाणारी कन्नड मुलगी रोज सकाळी जडे घालते.

ही भीती एका देवीपुरती किंवा एका प्रदेशापुरतीही नाही. पोलंडमध्ये अशा केसांना ‘कोल्तून’ म्हणत आणि ते कापले तर आजार बळावतो असे मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डीटल यांनी या समजुतीविरुद्ध मोहीम चालवली. तेथे यल्लम्मा नव्हती, तरी भीती तीच होती.

कातडीबाहेरच्या केसात रक्त नसते, मज्जातंतूही नसतात. तो कापल्याने इजा होत नाही. म्हणून एखाद्या मुलीचे केस चिकटू लागलेले दिसले, तर शिक्षकांनी ‘जट आली’ हा शब्दप्रयोग टाळावा. ‘गुंता झालाय’ म्हणावे, आणि घरच्यांशीही याच शब्दांत बोलावे. गुंता लहान असताना तो खोबरेल तेल आणि फणीने सुटतो. वाढलाच तर कात्री लागते.