नऊ विजय, आठ पराभव आणि एक नवखा प्रशिक्षक

बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ हरू लागला की पहिली कुऱ्हाड बहुधा मुख्य प्रशिक्षकावर पडते, आणि तो नवखा असेल, म्हणजे त्याने त्यापूर्वी कोणत्याही संघाची पूर्ण जबाबदारी सांभाळलेली नसेल, तर त्याची बाजू घेणारेही फारसे उरत नाहीत. यामागचे कारण खेळाइतकेच करारांच्या रचनेतही आहे. एनबीए या अमेरिकेतील प्रमुख स्पर्धेत खेळाडूंचे बहुतेक करार हमीचे असतात, म्हणजे खेळाडूला काढले तरी ठरलेली रक्कम द्यावीच लागते. शिवाय खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा असल्याने हंगामाच्या मध्यावर त्यांची अदलाबदल करणे अवघड जाते. प्रशिक्षकाचे वेतन त्या मर्यादेत धरले जात नसल्यामुळे एका माणसाला बदलणे हाच व्यवस्थापनाच्या हाताशी असलेला सर्वांत सोपा उपाय ठरतो. तो उपाय केव्हा टाळावा, हे समजून घेण्यासाठी मायामी हीट या संघाचा २०१०-११चा हंगाम बारकाईने पाहण्याजोगा आहे.

या संघाचे प्रशिक्षक एरिक स्पोलस्ट्रा १९९५ मध्ये सामन्यांच्या चित्रफिती तपासणाऱ्या विभागातून संघात आले, पुढे सहायक प्रशिक्षक झाले आणि २००८ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, मुख्य प्रशिक्षकपदी नेमले गेले. त्यापूर्वीच्या हंगामात मायामीने ८२पैकी ६७ सामने गमावले होते, आणि तेव्हा संघाची सूत्रे पॅट रायली यांच्याकडे होती, ज्यांच्या नावावर प्रशिक्षक म्हणून पाच विजेतेपदे जमा होती. अनुभव हाच पराभवावरचा उतारा असता, तर तो हंगाम तसा गेला नसता.

२०१०च्या उन्हाळ्यात लेब्रॉन जेम्स आणि क्रिस बॉश हे नामवंत खेळाडू संघातील ड्वेन वेड यांच्या जोडीला आले आणि विजेतेपद गृहीत धरले जाऊ लागले. प्रत्यक्षात पहिल्या सतरा सामन्यांत नऊ विजय आणि आठ पराभव पदरी पडले. सतराव्या सामन्यात, डॅलसविरुद्धच्या पराभवादरम्यान, टाइमआउट म्हणजे डावपेच ठरवण्यासाठी खेळ थांबवला असताना जेम्स यांचा खांदा स्पोलस्ट्रा यांना लागला, आणि प्रशिक्षकाने खेळाडूंवरची पकड गमावल्याची चर्चा त्या एका दृश्यावरून सुरू झाली. रायली तेव्हा संघाचे अध्यक्ष होते. २००५ मध्ये हंगाम सुरू असतानाच स्टॅन व्हॅन गंडी यांच्या जागी ते स्वतः प्रशिक्षक झाले होते आणि त्याच हंगामाअखेरीस, २००६ मध्ये, संघाने विजेतेपद मिळवले होते. त्यामुळे ते पुन्हा तेच करतील अशी अपेक्षा स्वाभाविक होती. त्यांनी ते केले नाही, आणि हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांपैकी एक मानला पाहिजे.

त्या आठ पराभवांकडे नीट पाहिले तर निर्णयाचा आधार दिसतो. काही पराभव अवघ्या दोन-तीन गुणांचे होते, तर कित्येक विजय वीसहून अधिक गुणांचे. गुणफरक, म्हणजे संघाने मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांमधील अंतर, हा थोड्या सामन्यांच्या जय-पराजयापेक्षा संघाच्या ताकदीचा अधिक भरवशाचा निर्देशक असतो, कारण अटीतटीच्या सामन्यांत दैवाचा वाटा मोठा असतो. वेड दुखापतीमुळे हंगामपूर्व सराव सामन्यांना जवळजवळ पूर्णपणे मुकले होते, त्यामुळे ते आणि जेम्स हे चेंडू हातात असतानाच खुलणारे दोन खेळाडू एकमेकांची सवय प्रत्यक्ष स्पर्धेतच करून घेत होते. ही अडचण काळाने सुटणारी होती आणि सुटलीही: पुढच्या बावीस सामन्यांपैकी एकवीस मायामीने जिंकले. त्या आठवड्यात प्रशिक्षक बदलला असता, तर या घोडदौडीचे सारे श्रेय नव्या माणसाला मिळाले असते. संघ नेहमीच्या पातळीच्या खाली घसरलेला असतानाच प्रशिक्षक काढला जातो, आणि नंतरची सुधारणा हे बऱ्याचदा केवळ सरासरीकडे परत येणे असते. बदलाचे गुणगान करताना ही गोष्ट हमखास विसरली जाते.

याचा अर्थ बदल नेहमीच चुकतो असा नाही. १९८१ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने पॉल वेस्टहेड यांना हंगामाच्या सुरुवातीलाच दूर केले, कारण वेगवान चढाया करणाऱ्या संघावर त्यांनी संथ, आखीव पद्धत लादली होती आणि मॅजिक जॉन्सनसारखा खेळाडू संघ सोडण्याची भाषा करू लागला होता. तिथे दोष काळाने मिटणारा नव्हता. त्या जागी आलेले आणि १९८२चे विजेतेपद जिंकणारे प्रशिक्षक स्वतः रायलीच होते, आणि तेव्हा तेही नवखेच होते. उलट, न्यूयॉर्क निक्सने फेब्रुवारी २०१६ मध्ये नवख्या डेरेक फिशर यांना काढले तेव्हा त्या हंगामात संघ २३ जिंकून ३१ हरला होता. अनुभवी कर्ट रॅम्बिस यांच्या हाताखाली उरलेल्या २८पैकी केवळ नऊ सामने जिंकता आले. खेळाडूंच्या निवडीतली उणीव प्रशिक्षक बदलून भरून निघाली नाही.

स्पोलस्ट्रा यांच्यावरचा दबाव त्या विजयमालिकेने संपला नव्हता, कारण २०११च्या अंतिम फेरीत मायामी पुन्हा डॅलसकडूनच हरले. मात्र त्यानंतर त्यांनी खेळाडूंना ठरावीक जागांमध्ये बांधून ठेवणारी जुनी विभागणी सैल केली, बॉश यांच्यासारख्या दूरवरून अचूक नेम साधणाऱ्या उंच खेळाडूला मध्यवर्ती जागेवर आणले आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत जेम्स व वेड यांना बास्केटकडे धडक मारता आली. २०१२ आणि २०१३ची विजेतेपदे याच रचनेने मिळवून दिली. जेम्स २०१४ मध्ये संघ सोडून गेले. प्रशिक्षक मात्र स्पोलस्ट्राच राहिले.