दिनचर्येतून मनाचे शिक्षण

जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी पालक जे प्रश्न विचारतात, ते आता आम्हा वसतिगृहातील मंडळींना पाठ झाले आहेत. अभ्यासाला किती तास बसवता? जेवण कसे असते? शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेता का? हे सर्व प्रश्न योग्यच आहेत. ज्यांच्या घराण्यात शिक्षणाची ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे, त्यांनी हे विचारले नाही तर कोणी विचारायचे? परंतु काही वर्षांपूर्वी मुलाला सहावीत घालण्यासाठी आलेल्या एका मातेने निराळाच प्रश्न केला. पत्र्याची पेटी खाली ठेवून, पदराने घाम पुसत ती म्हणाली, "सर, ह्यो रात्री रडला तर त्याच्यापाशी कोण बसतं?"

त्या प्रश्नाला देण्यासारखे समाधानकारक उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. आमच्या वेळापत्रकात प्रार्थना होती, न्याहारी होती, तासिका, खेळ, अभ्यासिका, झोप सारे होते. मुलाच्या मनासाठी मात्र त्यात वेगळा रकाना नव्हता. पुढे हळूहळू ध्यानात आले की वेगळ्या रकान्याची गरजही नाही. दिवसाचा प्रत्येक रकाना मनाच्या शिक्षणाचा होऊ शकतो, मात्र तो तसा व्हावा याची जाणीव मोठ्यांना असली पाहिजे. ही स्मरणिका हाती घेणाऱ्या माता-पालकांसमोर तेच मांडण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

सहावी ते आठवीचे वय

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवी, म्हणजे साधारणपणे अकरा ते चौदा वर्षे वयाचा, स्वतंत्र टप्पा मानला आहे. शिक्षणाने बुद्धीबरोबरच सामाजिक, नैतिक व भावनिक क्षमताही वाढवाव्यात, अशी त्या धोरणाची अपेक्षा आहे. या वयात शरीर झपाट्याने बदलते. भावनांना चेतवणारे मेंदूतील भाग लवकर सक्रिय होतात, तर विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागील भाग पूर्ण परिपक्व व्हायला विशी उलटावी लागते. म्हणूनच कालपर्यंत सांगितलेले मुकाट ऐकणारे मूल आज एका शब्दाने भडकते, दार आपटते, आणि तासाभराने आपण असे का वागलो हे त्यालाच सांगता येत नाही. त्याला 'शिंगे फुटली' असे आपण म्हणतो. वास्तविक त्याच्या हाती वेगवान वाहन आले आहे, आणि लगाम अजून घडतो आहे.

हा लगाम घडविण्याच्या शिक्षणाला आज 'सामाजिक-भावनिक अध्ययन' असे म्हटले जाते. अमेरिकेत १९९४ साली स्थापन झालेल्या 'कॅसेल' या संस्थेने त्याची पाच अंगे मांडली आहेत. स्वतःच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, ते आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, नाते जोडणे व टिकविणे, आणि परिणामांचा विचार करून निर्णय घेणे, ही ती पाच अंगे होत. नाव नवे असले तरी धम्माच्या परंपरेत वाढलेल्याला यातील काहीही परके वाटणार नाही.

गोसिंग वनातील तीन भिक्खू

मज्झिम निकायातील चूळगोसिंग सुत्तात अनुरुद्ध, नंदिय व किंबिल या तीन भिक्खूंची हकिगत आहे. ते गोसिंग सालवनात एकत्र राहत असत. तथागत त्यांच्या भेटीस गेले असता, तुम्ही दूध आणि पाण्यासारखे एकजीव होऊन राहता ना, असे त्यांनी विचारले. त्यावर अनुरुद्धांनी एकमेकांविषयीच्या मैत्रीबरोबरच आपली दिनचर्याही सांगितली. भिक्षेहून जो आधी परततो तो आसने मांडतो, पिण्याचे व पाय धुण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी परततो तो सारे आवरून जागा झाडतो. ज्याला घडा रिकामा दिसतो तो भरतो. एकट्याला उचलवला नाही तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो.

वसतिगृह चालविणाऱ्यांनी हे सुत्त पुन्हा पुन्हा वाचावे, असे मला वाटते. मैत्री ही केवळ डोळे मिटून करावयाची भावना नाही. रिकामा घडा दिसणे आणि तो आपणहून भरणे, हे तिचे रोजचे रूप आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही व्यवस्था आमच्या वसतिगृहाच्या पंगतीला, पाण्याच्या टाकीला आणि झाडूच्या पाळीला तंतोतंत लागू पडते.

घंटेमागचा अर्थ

पहाटेची घंटा होते. मुले अंथरुणाच्या घड्या घालतात, प्रातर्विधी आटोपून विहारात येतात. त्रिशरण-पंचशील झाल्यावर काही मिनिटे आनापानसती होते. या मिनिटांत चमत्कार घडत नाही. कित्येकांना डुलकी लागते, काहींना हसू फुटते. पण आत येणारा व बाहेर जाणारा श्वास पाहण्याची सवय झालेले मूल पुढे राग आला असतानाही क्षणभर थांबू शकते. पहिल्या अंगाचा, म्हणजे स्वतःला ओळखण्याचा, हा सराव होय. त्यानंतर प्रत्येक मुलाने आज मन कसे आहे ते एका शब्दात सांगावे, अशी प्रथा आम्ही सुरू केली. आरंभी सर्वांचे उत्तर 'बरं आहे' एवढेच असे. कारण त्यांच्याकडे शब्दच नव्हते. मग फळ्यावर शब्द लिहून ठेवले: उदास, धास्तावलेले, चिडलेले, उत्साही, एकटे, निवांत. भावनेला नाव मिळाले की तिचा जोर थोडा ओसरतो, हा अनुभव मुलांनाही येऊ लागला.

न्याहारी व जेवणाच्या वेळी वाढण्याची पाळी मुलांकडेच असते. शेवटच्या ताटापर्यंत उसळ पुरली पाहिजे, हे भान ठेवून वाढणारा मुलगा गणितही शिकतो आणि समताही. लहान मुलाला भाकरी चावत नसेल तर ती वरणात कुस्करून देणारा आठवीतला दादा दुसऱ्याचे मन जाणण्याचा धडा गिरवीत असतो. ज्या समाजाला पाणवठ्यावर व पंगतीत शतकानुशतके दूर बसविले गेले, त्या समाजाच्या मुलांनी एका पंगतीत, एकमेकांना वाढून जेवणे ही साधी गोष्ट नव्हे.

सायंकाळी भांडणे होतात. बॅट, चप्पल, बादली, कोणतेही कारण पुरते. पूर्वी आम्ही दोघांनाही एकेक छडी देऊन प्रश्न मिटवीत असू. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. तथापि कायदा नसता तरी छडीने भांडण मिटत नाही, ते अंधारात सरकते, एवढे आम्ही पाहिले होते. आता दोघांना समोरासमोर बसवून तीन प्रश्न विचारले जातात. काय घडले? त्या वेळी तुला काय वाटले? आता नीट करण्यासाठी तू काय करशील? एक बोलत असताना दुसऱ्याने केवळ ऐकावयाचे. याला वेळ लागतो. पण पुढच्या वर्षी हीच मुले धाकट्यांची भांडणे याच पद्धतीने सोडविताना दिसतात.

रात्री वेळेवर झोप, हाही मनाच्या शिक्षणाचाच भाग आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा वर्षांपुढील मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक असल्याचे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. झोप अपुरी झालेल्या मुलाला संयमाचे प्रवचन देणे म्हणजे रिकाम्या चुलीवर तवा तापण्याची वाट पाहणे होय.

आरसा आमच्यासाठीही

येथे माझी एक चूक नमूद करणे मला आवश्यक वाटते. सातवीतील एक मुलगा सलग तीन दिवस वंदनेला आला नाही. उठवायला गेले की गाढ झोपेत असे. चौथ्या दिवशी मी त्याला सर्वांसमोर व्हरांड्यात उभे केले आणि आळसावर चार कठोर वाक्ये सुनावली. मान खाली घालून तो उभा राहिला. एक शब्दही बोलला नाही.

त्याच दुपारी स्वयंपाकघरातील ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, त्या पोराला बोलू नका. मी चार वाजता चूल पेटवायला येते, तवा तो नळावर चादर धूत असतो." आजी अत्यवस्थ असल्याचे त्याला घरच्या फोनवरून कळले होते. त्यानंतर तो अंथरूण ओले करू लागला होता. कोणाला कळू नये म्हणून अंधारात उठून तो चादर धुवी, वाळत घाली, आणि मग उघड्या गादीवर थकून झोपी जाई. ज्याला मी आळस म्हटले, ती एका बारा वर्षांच्या मुलाने एकट्याने वाहिलेली लाज होती.

दुसऱ्या दिवशी त्याच रांगेसमोर, चादरीचा उल्लेख न करता, शिक्षा देण्यात माझी चूक झाली असे मी सांगितले. मुलाला डॉक्टरांकडे नेले, घरी बोलणे करवून दिले, आजीला भेटवून आणले. त्या दिवसापासून स्वच्छ चादरींचे कपाट कुलपाविना असते. कोणीही, कोणत्याही वेळी, न विचारता चादर बदलू शकतो. तसेच 'का केलेस?' असे खडसावण्यापूर्वी 'काय झाले आहे?' असे एकांतात विचारण्याचा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला.

अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागत राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. त्याचप्रमाणे प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर, तिने स्वतःला किंवा इतरांना पीडा होते का, हे न्याहाळावे, असा तो उपदेश आहे. कृती अकुशल ठरली तर ती जाणत्यांसमोर कबूल करावी आणि पुढे संयम राखावा, असेही त्यात सांगितले आहे. आपण हा आरसा नेहमी मुलांसमोर धरतो. तो प्रथम गृहपतीसमोर व शिक्षकासमोर धरला पाहिजे. मोठ्यांनी चूक कबूल केलेली मुलांनी पाहिली, तरच ती स्वतःच्या चुका लपविण्याचे सोडतात.

पालकांचा वाटा

माता-पालकहो, आपले मूल वर्षातील बहुतेक दिवस आमच्याकडे असले तरी त्याच्या मनाचा अर्धा धागा आपल्याच हाती असतो. म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात.

फोन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी अवश्य करावा. आपण ऊसतोडीला गेला असाल, वीटभट्टीवर असाल, तर मुकादमाचा किंवा शेजाऱ्याचा फोन चालेल, पण वाट पाहायला लावू नये. फोनवर पहिला प्रश्न गुणांचा नसावा. "आज कोणाबरोबर खेळलास? जेवणात काय होते? मन लागते का?" असे विचारावे. मूल रडले तर "रडतोस काय मुलीसारखा" असे म्हणू नये. रडणे मुलाचे वा मुलीचे नसते, ते माणसाचे असते. "आठवण येते ना? आम्हालाही येते," एवढे म्हणावे आणि त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे.

घरातील वाईट बातमी अर्धवट सांगू नये. मुले अर्ध्या गोष्टीतून पूर्ण भीती तयार करतात. आधी आम्हाला कळवावे. बातमी मुलाला कशी व केव्हा सांगायची ते आपण मिळून ठरवू, आणि त्या रात्री त्याच्यापाशी कोणीतरी असेल याची तजवीज करू.

गुण कमी पडले तर सल्ल सुत्तातील दोन बाणांचा दृष्टान्त स्मरावा. पहिला बाण लागला की वेदना होते. त्यावर शोक करीत बसणे हा माणसाने स्वतःलाच मारून घेतलेला दुसरा बाण. कमी गुण हा पहिला बाण मुलाला लागलेलाच असतो. "आमच्या कष्टाची माती केलीस" हा दुसरा बाण आपल्या हातून सुटू नये.

सुट्टीत मूल घरी आले की त्याला पाहुणा करू नये. इथे ते स्वतःचे ताट धुते, खोली झाडते. घरीही त्याने तसेच करावे. विशेषतः मुलगा घरी येताच बहिणीने त्याचे कपडे धुवावेत, ही रीत आपण मोडली नाही तर वसतिगृहात शिकलेली समता उंबरठ्याबाहेरच राहील. मूल अचानक गप्प झाले, जेवण सोडले, कुणाच्या नावाने दचकू लागले, किंवा सुट्टी संपताना परत येण्यास घाबरू लागले, तर ते हट्ट समजू नये. आम्हाला विचारावे. आमच्याविरुद्धच तक्रार असेल तर तीही निःसंकोच करावी. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलाला पाठ असू द्यावा. आमच्या व्हरांड्यातही तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे.

समारोप

राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये तिच्या वतीने सोलापूर येथे विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. शाळेची दारे उघडल्याने भागत नाही, शिकणाऱ्याला पोटभर अन्न, निर्धोक छप्पर आणि मानाने वावरता येईल अशी जागा लागते, ही जाण त्यामागे होती. आपली संस्था त्याच वाटेने चालत आहे.

त्या मातेचा मुलगा पुढे आमच्याकडूनच दहावी उत्तीर्ण झाला. तिच्या प्रश्नाचे उत्तर आज आमच्यापाशी आहे. नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाच्या शेजारची खाट एका मोठ्या मुलाला नेमून दिलेली असते, आणि व्हरांड्याच्या टोकाला गृहपतींच्या खोलीतला दिवा रात्रभर तेवत असतो. रात्री मूल रडले, तर त्याच्यापाशी कोणीतरी बसते. बहुधा तो मोठा मुलगाच बसतो. दोन वर्षांपूर्वी याच खाटेवर तो स्वतः रडलेला असतो.