कमरेतलं इंजेक्शन आणि कळांविषयीच्या समजुती

“आमाले का इंजेक्शनं घेऊन लेकरं झाले?” नागपुरातल्या एका लेबर रूमबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या आजी सुनेच्या आईला विचारत होत्या. आत सून कळा देत होती. डॉक्टरांनी बाहेर येऊन एपिड्युरलचं, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणाऱ्या कमरेतल्या इंजेक्शनचं, विचारलं होतं. कंबर जन्माची जाते, बाळ सुस्त होतं, शेवटी सिझरच करतात, असं बाकड्यावर पाच मिनिटांत ठरून गेलं. जिला कळा येत होत्या तिचं मत कुणी विचारलं नाही. तो निर्णय तिचाच होता, म्हणून त्या तिन्ही समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

कंबरेची भीती सगळ्यांत जुनी आणि घट्ट. आपल्याकडे बाळंतपणानंतर कंबर दुखली की बोट थेट त्या इंजेक्शनकडे जातं. पण ज्यांनी ते घेतलंच नाही त्यांचीही कंबर दुखते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे कमरेचे सांधे सैल पडतात, पोटाचं ओझं पाठीचा बाक वाढवतं, नंतर वाकून पाजणं आणि बाळ कडेवर घेणं सुरू होतं. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची पुढे तुलना केली तेव्हा जुनाट कंबरदुखीत फरक आढळला नाही. सुई टोचली तिथे दोन-चार दिवस ठणकतं, ते खरं.

कंबरेच्या भीतीला लागूनच लकव्याची भीती येते. पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या फटीत जाते. बाईला पलंगाच्या कडेला बसवतात, हनुवटी छातीला टेकवून पाठ बाहेर काढायला सांगतात, सिस्टर समोरून खांदे धरते. कळ आली की भूलतज्ज्ञ थांबतात, ओसरली की पुन्हा हात चालतो. आधी कातडी बधिर करतात. मग सुईतून दोऱ्याइतकी बारीक नळी मणक्याच्या पोकळीत सरकवतात आणि सुई काढून घेतात. पाठीत राहते ती फक्त नळी, खांद्यापर्यंत पट्टीने चिकटवलेली. त्यातून अगदी सौम्य प्रमाणात औषध जात राहतं आणि १५-२० मिनिटांत कळांची धार बोथट होते. मज्जातंतूला कायमची इजा होणं अतिशय विरळ.

याचा अर्थ त्रास काहीच नाही असा नव्हे. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून तो वारंवार मोजतात. खाज सुटते, हुडहुडी भरते, लघवी तुंबते, कधी ताप येतो. शंभरातल्या साधारण एकीला सुई जरा खोल गेल्याने नंतर डोकं फार दुखतं. त्यावर उपाय आहे. दहांतल्या साधारण एकीला औषध नीट लागू पडत नाही आणि नळी हलवावी किंवा पुन्हा घालावी लागते. ‘वेदनारहित प्रसूती’ हा पाट्यांवरचा शब्द म्हणूनच मला खटकतो. कळ कमी होते, खालचा दाब जाणवतोच, आणि बाळ बाहेर ढकलायला तो जाणवलेला बरा.

‘शेवटी सिझरच होतं’ हे तर आकड्यांनीच खोडून काढलंय. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ११ हजारांहून अधिक बायकांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले. एपिड्युरलने सिझरचं प्रमाण वाढलं नाही. कळा देण्याचा शेवटचा टप्पा थोडा लांबतो. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचं प्रमाण जुन्या प्रयोगांत जास्त होतं, पण २००५ नंतरच्या, कमी मात्रेच्या प्रयोगांत तो फरक उरला नाही. मग समजूत आली कुठून? बाळ अडलेलं असतं तेव्हा कळा जास्त तीव्र आणि जास्त वेळ येतात, म्हणून तीच बाई इंजेक्शन मागते, आणि पुढे तिचंच सिझर होतं. लोकांना मधलं इंजेक्शन तेवढं दिसतं. महाराष्ट्रात आज दर चार बाळंतपणांतलं साधारण एक सिझरने होतं, एपिड्युरल मात्र अजून मोजक्याच बायकांना मिळतं. सिझरच्या त्या प्रमाणाचं खापर एपिड्युरलवर फोडता येत नाही. एपिड्युरलसाठी ‘पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडेपर्यंत थांबा’ हा नियमही आता जुना झाला. बाईने मागितलं, हे कारण पुरेसं धरतात.

बाळाचं काय? इथे मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं, कारण भीती चुकीच्या दिशेला आहे. एपिड्युरलमधल्या औषधाचा फार थोडा अंश बाळापर्यंत जातो. जन्मल्याबरोबर बाळाची तब्येत जोखणाऱ्या अपगार गुणांत त्याने फरक पडत नाही. हे गुण १९५२ मध्ये मांडले ते व्हर्जिनिया अपगार यांनी, आणि त्या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. उलट दंडात किंवा कुल्ल्यावर दिलेलं पेथिडिन किंवा ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक रक्तातून वारेमार्गे बाळाकडे जातं. जन्माच्या दोन-तीन तास आधी दिलं असेल तर बाळ झोपाळू असू शकतं, श्वास मंद असतो, छातीला लागायला वेळ लावतं. घरचे मात्र त्याला ‘साधं इंजेक्शन’ म्हणून चटकन होकार देतात. हे इंजेक्शन वाईट नाही. जिथे भूलतज्ज्ञ नाही तिथे तोच आधार असतो, आणि बाळावर लक्ष ठेवून ते देता येतं. पण दुखणं ते बेताचंच कमी करतं, गुंगी जास्त आणतं.

त्याहून मोठा घोटाळा ‘इंजेक्शन दिलं’ या दोन शब्दांत आहे. सलाईनमधलं ऑक्सिटोसिन कळा वाढवण्यासाठी असतं. ड्रोटाव्हेरिन किंवा एपिडोसिन देतात ते पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात अशा वापराची शिफारस केलेली नाही. तीन-तीन इंजेक्शनं झाली तरी दुखतंच आहे, अशी तक्रार करणाऱ्या बाईला बऱ्याचदा दुखणं कमी करणारं एकही मिळालेलं नसतं.

दुखणं कमी करायला नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू निम्मे-निम्मे असलेला वायूही काही रुग्णालयांत असतो. मास्क बाईने स्वतःच धरायचा, दुसऱ्या कुणी नाही. असर चढायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, म्हणून कळ चढू लागताच ओढायचा. आराम मध्यम, थोडी चक्कर, पण काही मिनिटांत शरीरातून निघून जातो.

औषधाशिवायच्या उपायांना कमी लेखू नये. पहिल्या टप्प्यात उभं राहणाऱ्या, चालणाऱ्या बायकांचा हा टप्पा आडव्या पडलेल्यांपेक्षा सव्वा तासाहून थोडा अधिक लवकर आटोपतो. कमरेला शेक, पाठीवर दाबून चोळणं, गरम पाणी, यांनी दुखणं सुसह्य होतं. आणि सोबतीला आपलं माणूस असलं की औषध मागण्याची गरज घटते, सिझरही कमी होतात. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत बाईबरोबर सोबतीण ठेवण्याची मुभा दिली. स्वतः बाळंतपण झालेली बाई हवी, अशी अट आहे. बाकड्यावरच्या आजी आत जाऊ शकतात आणि तिथे त्यांचा खरा उपयोग होतो. तूप प्यायल्याने मात्र वाट निसरडी होत नाही. तूप पोटात जातं, वाट वेगळी आहे.

विदर्भात एक गोष्ट वेगळी पाहावी लागते. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो असलेल्या बाईला वेदना, थंडी, पाण्याची कमतरता यांतून क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा अचानक उद्रेक, येऊ शकतो, म्हणून तिच्यासाठी दुखणं कमी करणं हा चैनीचा विषय नाही. पेथिडिन तिच्यात टाळतात, झटके येण्याचा धोका असतो. दुसरी औषधं आणि एपिड्युरल चालतं. पण तिची भूलतज्ज्ञांशी भेट शेवटच्या तीन महिन्यांत व्हायला हवी, कळा सुरू झाल्यावर नव्हे. प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर एपिड्युरल देत नाहीत, तेही तेव्हाच कळतं.

बाकी बायकांसाठीही विचारायची वेळ सातव्या-आठव्या महिन्याची. नागपुरातली डागा, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत की धंतोलीतलं खाजगी, तपासणीला गेल्यावर विचारा: रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर भूलतज्ज्ञ लेबर रूममध्ये येऊ शकतात का, की ते ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेले असतात? वायू आहे का? सोबत कोण आत येईल? खाजगीत वेगळे पैसे किती? उत्तरं फाईलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि फाईल बाकड्यावर बसणाऱ्यांना आधीच वाचायला द्या.