झाइनसाठी पृष्ठरचनेचे सॉफ्टवेअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका व्यक्तीने किंवा लहान गटाने स्वतःच्या खर्चाने, नफ्याची अपेक्षा न ठेवता, मोजक्या प्रतींत काढलेल्या पुस्तिकेला झाइन म्हणतात. अमेरिकेत १९३०च्या दशकात विज्ञानकथांच्या चाहत्यांनी काढलेल्या पत्रिकांपासून तिची परंपरा सांगितली जाते आणि मराठीतील अनियतकालिकांच्या चळवळीशी तिचे नाते उघड आहे. अशी पुस्तिका काढण्यासाठी मुद्रणव्यवसायात चालणारे महागडे सॉफ्टवेअर हवेच, ते नसेल तर काम हौशी दिसते, हा या क्षेत्रातील सर्वांत पसरलेला गैरसमज होय. वस्तुस्थिती अशी की १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी काढलेले ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइल केलेले होते आणि १९७६ साली लंडनमध्ये निघालेले ‘स्निफिन ग्लू’ हे पंक संगीताचे झाइन टंकलिखित मजकुराच्या झेरॉक्स प्रतींतून पसरले. संगणकावर पाने रचण्याचे तंत्र, म्हणजेच डेस्कटॉप पब्लिशिंग किंवा डीटीपी, त्यानंतरचे आहे : १९८५ मध्ये अॅपलचा लेझर प्रिंटर, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणि आल्डस कंपनीचे पेजमेकर एकत्र आले, तेव्हा ते सामान्य माणसाच्या टेबलावर पोहोचले.

पृष्ठरचनेचे सॉफ्टवेअर मुख्यतः तीन कामे करते. मजकूर एका चौकटीतून पुढच्या चौकटीत वाहता ठेवणे, शीर्षक, परिच्छेद, पृष्ठक्रमांक यांचे रूप एकदा ठरवून सर्व पानांना लागू करणे आणि मिलिमीटरच्या अचूकतेने मांडलेले पान छापखान्याला देता येईल अशा पीडीएफमध्ये उतरवणे. ज्या झाइनमध्ये मुख्यतः चित्रे आणि चार ओळींचे मथळे आहेत, तिला या तिन्हींची फारशी गरज नसते आणि कात्री, गोंद व झेरॉक्स यांवर ती उत्तम होते. चाळीस पाने मजकूर असेल, तर मात्र या सोयींवाचून प्रत्येक दुरुस्तीनंतर पुढची सगळी पाने हाताने सरकवावी लागतात. मधल्या आकाराच्या कामाला लिबरऑफिस रायटरसारखा मोफत शब्दसंस्कारकही पुरतो, कारण त्यात ठरावीक शैली, पानाचा हवा तो आकार आणि पुस्तिकेच्या क्रमाने छपाई या सोयी आहेत.

मराठी झाइनच्या बाबतीत याहून मोठी फसगत निराळ्याच समजुतीतून होते : पडद्यावर मराठी टंकता आली म्हणजे ते सॉफ्टवेअर देवनागरी जाणते, असे मानले जाते. युनिकोड ही सर्व लिप्यांतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक पद्धत असून १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून तीत देवनागरी आहे. पण युनिकोड केवळ अक्षरांचा क्रम साठवते. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि नंतर वेलांटी साठवली जाते, तरी कागदावर वेलांटी आधी दिसावी लागते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जावा लागतो. जोडाक्षरे जुळावी लागतात. हे काम सॉफ्टवेअरमधील शेपिंग इंजिन नावाचा भाग फाँटमधील नियमांच्या आधारे करतो, आणि तो भागच नसेल तर फाँट कितीही देखणा असला तरी पाय मोडलेली अक्षरे आणि चुकीच्या जागी बसलेल्या वेलांट्या पदरी पडतात. स्क्रायबस या मोफत व मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या जुन्या १.४ मालिकेत ही उणीव होती; १.५.३ आवृत्तीपासून हार्फबझ हे शेपिंग इंजिन त्यात आले आणि १ जानेवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या १.६.० या स्थिर आवृत्तीत ते सर्वांना मिळाले. २०१९ मध्ये आलेल्या अॅफिनिटी पब्लिशरची किफायतशीर म्हणून कीर्ती झाली, तरी त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळत नसे. अडोबी इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय मुद्दाम निवडावा लागे, आणि तो न निवडता सॉफ्टवेअरलाच दोष देणारे पुष्कळ होते.

म्हणून जाहिरातीवर विश्वास न ठेवता प्रत्येक सॉफ्टवेअर मराठीवर पारखावे. वऱ्हाडी, तऱ्हा, कर्तृत्व, उद्ध्वस्त, राष्ट्रीय, लक्ष्मी एवढे शब्द चौकटीत टाकून पीडीएफ काढावी आणि ती पडद्यावर न पाहता कागदावर छापून पाहावी. ‘वऱ्हाडी’चा ‘वर्हाडी’ झाला असेल, तर दोष टंकलेखनात आहे की फाँटमध्ये हे तेवढे तपासून घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निश्चित केलेल्या वर्णमालेतील पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ काही फाँटांत असतात खरे, परंतु मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी अशी निवडल्यावरच ते उमटतात, आणि ही निवड करू देणारे सॉफ्टवेअर मराठी संपादकाने अधिक मोलाचे मानावे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका आणि नोटो मालिकेतील देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली मिळतात, त्यामुळे चोरून उतरवलेल्या फाँटांचा आधार घेण्याचे कारण उरत नाही.

‘पेजमेकर आणि श्रीलिपी हीच खरी मराठी डीटीपी’ हा समज अनेक छपाई केंद्रांत आजही टिकून आहे, आणि तो निराधार म्हणता येणार नाही, कारण मराठी पुस्तकांची एक संपूर्ण पिढी याच साधनांवर जुळवली गेली. परंतु श्रीलिपीसारख्या त्या काळच्या फाँटांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट बदलला की मजकुराची अर्थहीन रोमन अक्षरे होत, शोध चालत नसे आणि तोच मजकूर पुढे संकेतस्थळावर नेता येत नसे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची असून त्यात युनिकोडची सोय नाही. थोड्या प्रतींत निघणारे लेखन मुळातच लवकर हरवते. त्यामुळे ते युनिकोडमध्ये जुळवणे आणि मूळ फाइल व पीडीएफ दोन्ही जपणे हे झाइनकर्त्याचे कर्तव्यच मानले पाहिजे.

पाने छपाईच्या क्रमाने लावण्याची, म्हणजे इम्पोझिशनची, सोय अंगभूत नसलेले सॉफ्टवेअर झाइनला निरुपयोगी, असेही सांगितले जाते. ए-४ कागद मधोमध दुमडून सेंटर पिन मारलेल्या १६ पानांच्या पुस्तिकेला चार कागद लागतात आणि सर्वांत बाहेरच्या कागदावर १६ व १ ही पाने शेजारी, तर त्याच्या पाठीमागे २ व १५ ही पाने येतात. कोणत्याही बाजूवरील दोन क्रमांकांची बेरीज १७ भरते. एवढे ध्यानात ठेवले तर पाने हातानेही लावता येतात, शिवाय अडोबीच्या मोफत रीडरमध्ये पुस्तिका छापण्याचा पर्याय आहेच. अट इतकीच की पानांची संख्या चारच्या पटीत हवी. पाने साठाच्या घरात गेली की आतले कागद दुमडीमुळे बाहेर सरकतात व कापणीत त्यांचा बाहेरचा समास कमी होतो, म्हणून तेथे बाहेरचा समास आधीच वाढवावा लागतो.

रंगांबाबतचा आग्रहही तपासून घेण्यासारखा आहे. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंत फाइल दिल्याविना छपाई होत नाही, हे ऑफसेटच्या रंगीत कामापुरते बरोबर आहे. झेरॉक्सला करड्या छटांची फाइल पुरते आणि रिसोग्राफ या जपानी यंत्रावर प्रत्येक शाईचा वेगळा ड्रम असल्याने लाल व निळ्या दोन रंगांसाठी दोन स्वतंत्र करड्या पीडीएफ द्याव्या लागतात, ज्या कोणतेही सॉफ्टवेअर काढू शकते. मोफत सॉफ्टवेअरची पीडीएफ छापखाना नाकारतो ही भीतीही अशीच : स्क्रायबस छपाईसाठी ठरवलेल्या पीडीएफ-एक्स या प्रमाणांनुसार फाइल देते, आणि फाँट फाइलमध्ये समाविष्ट असणे, चित्रे छापील आकाराला इंचाला ३०० बिंदूंची असणे व कडेपर्यंत जाणारे चित्र कापणीसाठी तीन मिलिमीटर बाहेर काढलेले असणे या गोष्टी छापखाना पाहतो. त्यामुळे सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी छापणाऱ्याला भेटून त्याचे यंत्र कोणते, कागद किती मोठा आणि कडेचा किती भाग त्यावर छापलाच जात नाही, हे विचारून घ्यावे.